निवेदिकेची गुंतवणूक नाही

पेनाचं टोपण चावू नये, हे मला आईनं, शाळेतल्या बाईंनी, झालंच तर रेडिओ केंद्रातल्या बटणकाकांनीसुद्धा हजारदा सांगितलं होतं. पण मी ऐकतेय कसली! त्या सकाळी थेट प्रक्षेपण चालू होतं. व्याजदर वाढला की घराचा हप्ता कसा वाढतो, हे अगदी रंगात येऊन सांगत होते. दोन वाक्यांच्या मधे टोपण चावलं आणि कट्‌कन आवाज झाला. टोपण शाबूत... दाढ गेली.

पुढचा कार्यक्रम कसा रेटला ते माझं मला माहीत. संपल्या संपल्या गाल धरून रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीत पहिली पाटी दिसली त्या दातांच्या दवाखान्यात घुसले.

काउंटरवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकावर, पुढ्यात वही, शेजारी छोटा रेडिओ.

"अपॉइंटमेंट आहे?"

"नाहीये हो... पण दाढ तुटलीये. जीव जायची वेळ आलीये."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल... अगं बाई! तू ती 'पैशाची गोष्ट' सांगणारी!" आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "अरे, बाहेर ये लवकर! आपली रेडिओवाली आलीये!"

दार उघडलं. मास्क हनुवटीवर ओढलेला, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत नुसतं हसू. तिशीचा असेल. तुटक्या दाढेनं, सुजलेल्या गालानं त्याच्यासमोर उभं राहण्यापेक्षा जमिनीत गडप झालेलं बरं, असं वाटलं मला.

"मावशी, पेशंट आहेत त्या. पाहुण्या नाहीत."

"पेशंट रांगेत बसतात. ही पाहुणी. घे आत आधी!"

त्या खुर्चीत मी आडवी झाले, दिवा तोंडावर आला, तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे चार बोळे. बडबडीवर पोट असलेली बाई मी... माझ्या तोंडून नुसतं "आं" निघत होतं. आणि डॉक्टरांना तेवढंच हवं होतं.

"रोज सकाळी तुमच्यामुळे मला मावशीशी एक शब्द बोलता येत नाही. मी काही विचारलं की 'थांब, ती बोलतेय' म्हणते. आज माझी पाळी."

"आं!"

"काय म्हणालात? माझं बरोबर आहे? आभारी आहे."

मी डोळे वटारले.

"असे डोळे रेडिओवर दिसत नाहीत," तो हळूच म्हणाला, आणि मग स्वतःच गडबडून हातमोजे नीट करू लागला.

दाढेचं एका दिवसात भागलं असतं तर बरं झालं असतं, पण रूट कॅनॉल करावं लागेल म्हणाला. चार-पाच वेळा यावं लागेल. मी वैतागल्याचं नाटक छान केलं. घरी आईनं मात्र ओळखलं. दुसऱ्या वेळी मी नवा कुर्ता घालून निघाले, तर म्हणाली, "दाढ दाखवायला चाललीस की स्वतःला?"

आता ती दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. टाळत होते, पण टाळून टाळून किती टाळणार!

आमच्या कार्यक्रमाच्या शेवटी एक वाक्य लागायचं. 'आज उल्लेख झालेल्या कोणत्याही कंपनीत निवेदिकेची गुंतवणूक नाही.' माझ्याच आवाजात, गंभीर, स्वच्छ. कार्यक्रम सुरू झाला त्या आठवड्यात ते ध्वनिमुद्रित केलं होतं आणि तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. माझी गुंतवणूक म्हणजे गॅसची अनामत रक्कम! मी शेवटचा नमस्कार केला की काचेपलीकडून बटणकाका ते बटण दाबायचे. बटणकाका म्हणजे आमचे ध्वनितंत्रज्ञ. गाणी, जाहिराती, बातम्यांची धून, सगळी बटणं त्यांच्या हाती. तोवर मी हेडफोन काढून चहाच्या कपाकडे निघालेली असायचे. स्वतःचं ते वाक्य मी कधी ऐकलंच नाही म्हणा ना.

मग एका गादीच्या कंपनीचे शेअर मी घेतले. साठवलेलं होतं-नव्हतं ते घातलं. आईच्या पाठीला त्यांच्या गादीनं आराम पडला होता, कंपनीचे हिशेबही चांगले दिसत होते. आणि पुढच्याच महिन्यात कार्यक्रमात बोलता बोलता मी त्या कंपनीचं तोंडभरून कौतुक केलं. मनापासून केलं, लबाडी म्हणून नाही. देवाशपथ! पण त्या दिवशी कप हातात घेऊन दारातच उभी होते आणि माझाच आवाज कानावर पडला. 'निवेदिकेची गुंतवणूक नाही.'

म्हटलं, अगं, हे बदलायला हवं. उद्या सांगू काकांना.

उद्या काही सांगितलं नाही. परवाही नाही. त्या कंपनीबद्दल मी आणखी दोनदा बोलले. भाव चढत गेला, आणि जसजसा चढला तसतसं सांगणं अवघड होत गेलं. बरं, नुकसान कुणाचंच होत नव्हतं! हे मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की त्याचंही एक बटण करून घ्यायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी मी खुर्चीत होते, तोंडात बोळे, जीभ बधिर. मावशी आत आल्या. मावशी म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण. तो लहान असताना आई गेली, यांनीच वाढवलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि भाच्याचं काउंटर सांभाळायला लागल्या.

माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर मुदतठेव मोडली बघ मी. त्या गादीवाल्यांचे शेअर घेतले. केवढे वाढलेत! तुझं तोंड गोड करणार होते, पण हा म्हणतो दाढ होऊ दे आधी."

"आं..." मी म्हटलं.

"लाजतेय," मावशी कौतुकानं म्हणाल्या.

लाजत नव्हते मी. शरमेनं कानशिलं तापली होती. बोलता येत नव्हतं, ही त्या क्षणी केवढी सोय वाटली मला! मग त्यानं बोळे काढले, मी चूळ भरली, तोंड पुसलं. जीभ जड होती, पण बोलता येत होतं. आणि मी काय बोलले? म्हटलं, "थँक्यू, मावशी."

त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडले. आईनं विचारलं, दुखतंय का? म्हटलं, हो.

शेवटच्या वेळी दाढेवर टोपी बसली. आरसा माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "झालं. आता तुम्हाला इथे यायला काही कारण उरलं नाही."

"दुसरी दाढ फोडू?"

"नको. त्यापेक्षा..." त्यानं आरसा उगाच पुसला. "मी बसस्टॉपपर्यंत आलो तर चालेल?"

चालेल काय! बाहेर भुरभुर पाऊस पडत होता. छत्री एकच, त्याची. त्याचा उजवा खांदा भिजत होता आणि माझा डावा, मधे मात्र दोघांचे कोरडे खांदे एकमेकांना लागत होते. कुणीच सरकत नव्हतं.

"एक विचारू?... 'तू' म्हटलं तर चालेल?"

"तोंडात हात घालून झाल्यावर आता विचारतोस?"

तो इतक्या जोरात हसला की शेजारच्या दुकानदारानं मान वर केली. इतकं सुख चाललेलं आणि मी तिथे चोरासारखी चालत होते.

"मावशीचा तुझ्यावर एवढा जीव का, माहितीये?" तो म्हणाला.

"आवाज गोड आहे माझा."

"छे! आवाज कर्कश आहे म्हणते."

मी त्याला कोपर मारलं.

"खरंच. ती म्हणते, बाकीचे सगळे आपापलं घोडं पुढे दामटतात. ही एकटी पोरगी रोज शेवटी सांगते की माझे यात पैसे नाहीत. मी ठेव मोडू नको म्हणत होतो तिला. मग मीही एकदा शेवटपर्यंत ऐकलं. ते वाक्य ऐकलं आणि म्हटलं... ठीक आहे, मोड."

मी थांबले. तो दोन पावलं पुढे गेला, मग वळला. माझ्या डोक्यावर पाऊस पडायला लागला.

"काय झालं?"

"ते वाक्य खोटं आहे."

"म्हणजे?"

"माझे पैसे आहेत त्यात. कौतुक केलं तेव्हाही होते. ते वाक्य जुनं आहे, रोज आपोआप लागतं. मला माहीत होतं आणि मी लागू दिलं."

त्याच्या डोळ्यांतलं हसू विझताना मी पाहिलं. चिडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मावशी माझ्यासमोर तुझ्या डोक्यावरून हात फिरवत होती," तो म्हणाला. "तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो."

"कंपनी वाईट आहे?"

"नाही. चांगली आहे. अजूनही वाटतं मला चांगली आहे."

"मग सांगायला काय झालं होतं तुला? हेच सांगून टाकायचं, की चांगली वाटते आणि माझेही पैसे आहेत. लोकांनी ठरवलं असतं!"

खरं सांगू? सांगितलं असतं तर माझा शब्द थोडा हलका झाला असता, आणि मला तो जड आवडायला लागला होता. हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

"मावशीला मी सांगणार नाही," तो म्हणाला.

हुश्श म्हणणार होते, तोच पुढे म्हणाला, "तू सांगशील. आणि तिला एकटीला कानात नाही. जिथं बोललीस तिथंच सांग." आणि तो छत्री घेऊन निघून गेला. मला भिजत ठेवलंय हेही त्याच्या लक्षात आलं नसावं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती आई, तिला माझीच काळजी. "विकून टाक ना आधी. मग सांग, नाहीत माझ्याकडे. खोटंही होणार नाही."

क्षणभर... क्षणभर कसला, रात्रभर मोह झाला. पण मी बोलले की भाव पडणार हे मला ठाऊक, आणि मावशींना नाही ठाऊक. मी आधी हळूच बाहेर पडायचं आणि त्यांना आत ठेवून दार लावायचं? विकले नाहीत.

सकाळी रेडिओ केंद्रातल्या साहेबांच्या खोलीत गेले. साहेब माणूस वाईट नाही, पण लोकांचे फोन आले की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला. "कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग कशाला अंगावर ओढवून घेतेस? नवं वाक्य ध्वनिमुद्रित कर. 'काही कंपन्यांत निवेदिकेची गुंतवणूक असू शकते.' आजपासून तेच लावू. विषय संपला."

असू शकते! जशी काही ती माझ्या नकळत रात्रीतून उगवते. तरी मी मुकाट्यानं स्टुडिओत गेले, माइकसमोर बसले, ते वाक्य म्हणायला तोंडही उघडलं. सोपं होतं हो. नोकरी राहिली असती, कुणाला काही कळलं नसतं. फक्त त्या दवाखान्याची पायरी मी पुन्हा चढू शकले नसते. आणि चढायची होती मला! त्या विस्कटलेल्या केसांच्या माणसासमोर मान वर करून उभं राहायचं होतं.

"काका, राहू दे," मी काचेपलीकडे म्हटलं. "थेटच बोलते."

कार्यक्रमात त्या दिवशी काय बोलले ते नीटसं आठवत नाही. शेवटचं आठवतं.

"गादीच्या एका कंपनीबद्दल मी तुमच्याशी तीनदा बोलले. ती चांगली आहे असं म्हणाले. तेव्हा त्या कंपनीचे शेअर माझ्याकडे होते. आजही आहेत. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. उलट माझे पैसे यात नाहीत, असं रोज ऐकवलं. माझ्या शब्दावर ज्यांनी पैसे गुंतवले त्यांची मी अपराधी आहे. नमस्कार."

काचेपलीकडे बटणकाका रडत होते. साधा, हळवा माणूस. डोळे पुसता पुसता, इतक्या वर्षांच्या सवयीनं, माझा नमस्कार ऐकताच त्यांचं बोट बटणावर गेलं.

'आज उल्लेख झालेल्या कोणत्याही कंपनीत निवेदिकेची गुंतवणूक नाही.'

गंभीर. स्वच्छ. माझाच आवाज.

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला आधी हसू आलं आणि मग इतकी लाज वाटली, इतकी, की वाटलं उठून पळून जावं. म्हणजे हे असं वाटत होतं होय ऐकायला! इतकं खरं! मी श्रोत्याच्या जागी बसून ते कधी ऐकलं नव्हतं. मी झडप घालून माइक पुन्हा चालू केला.

"आत्ता ऐकलंत ना, ते खोटं आहे. हेच ते. आवाज माझा आहे आणि ते खोटं आहे."

दुपारपर्यंत फोन थांबेनात. काहींनी शाबासकी दिली, ती झोंबली. काहींनी शिव्या दिल्या, त्यांचं बरोबर होतं. भाव उतरला. साहेब म्हणाले, "काही दिवस घरी राहा. पुढचं... बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळला. मी पर्स उचलली आणि रस्ता ओलांडला.

काउंटरवर मावशी. रेडिओ बंद. वेटिंगच्या बाकावर दोन बायका.

"अपॉइंटमेंट आहे?" वर न बघता त्यांनी विचारलं.

"मावशी, मी..."

"ऐकलं मी. दोनदा ऐकलं, तुझ्या त्या टेपसकट."

"तुमचे पैसे..."

"पैशाचं नको सांगूस मला!" मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विकले नाहीत मी आणि विकणारही नाही. चांगलीये म्हणालीस ना कंपनी, बघू. पण मी इथे बसून येईल त्या पेशंटला तुझं कौतुक सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला घ्यायला लावले, शेजारणीला लावले. आणि प्रत्येकाला पहिलं काय सांगायचे माहितीये? की मी घेतलेत, माझे पैसे आहेत यात. मला कुणी शिकवलं नव्हतं ते. तुम्ही शिकलेली माणसं, रेडिओवर बोलणारी माणसं, आणि तुला एवढं साधं सुचू नये?"

मी मान खाली घालून उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी थेट जमिनीवर पडत होतं, नाकही वाहायला लागलं. छान दिसत असणार मी.

"सुचलं होतं, मावशी," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी सुचलं होतं. तीच तर शरम आहे."

त्यांनी कापसाचा एक बोळा माझ्यापुढे सरकवला. "नाक पूस. पेशंट घाबरतात."

आतलं दार उघडलं. तो उभा होता. मास्क हनुवटीवर. कधीपासून ऐकत होता कोण जाणे.

बोलून टाकावं. आता लपवायला उरलंच काय होतं? बाकावरच्या दोन बायकांसमोर, मावशींसमोर मी म्हटलं, "मी माफी मागायला आलेय, ते खरं. पण तेवढंच नाही. तू मला आवडतोस. फार आवडतोस. आज रेडिओवर जे बोलले त्यात तुझ्यासमोर उभं राहता यावं हाही हेतू होता. हे नंतर कळायला नको, म्हणून आत्ताच सांगतेय."

बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "तीच आहे गं ही."

त्यानं मास्क काढून खिशात कोंबला. मग म्हणाला, "मी अजून रागावलोय."

"माहितीये."

"लवकर जाणार नाही तो राग."

"नको जाऊ दे."

"फोनवर, चिठ्ठीचपाटीतून रागावता येत नाही मला. समोर माणूस लागतं." त्यानं हातमोजे घालायला घेतले, एका बोटात दोन बोटं गेली, त्यानं ते पुन्हा काढले. कान लाल झाले होते त्याचे. "अजून दोन पेशंट आहेत. ते होईपर्यंत... थांबशील?"

"तिला विचारतोस काय!" मावशी म्हणाल्या. "नोकरी गेलीच असणार तिची, कुठे जाणारे? बस गं तिथे. आणि तुमच्या बोलण्यात मी पण असणारे, सांगून ठेवते. माझं अजून अर्धंही झालेलं नाही."

मी बाकावर जाऊन बसले. त्या दोन बायकांनी सरकून जागा दिली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. बघू देत. मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं... घातली. पण उठले नाही.